एन्झाइम धुतं की मारतं?

आजकाल फरशी पुसायच्या लिक्विडपासून टूथपेस्टपर्यंत कशावरही 'एन्झाइम' असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचलं की बहुतेकांना वाटतं आत काहीतरी आहे जे जंतूंना शोधून शोधून मारतं. तसं नसतं हो. म्हणजे काही एन्झाइम्स जंतू मारतात, अगदी खरोखर मारतात, पण ती मोजकीच, आणि आपल्या घरात जी येतात त्यातली जवळपास सगळी दुसऱ्याच कामाची असतात. धुणं वेगळं आणि मारणं वेगळं. आधी धुणाऱ्यांकडे बघू, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

एन्झाइम म्हणजे एक प्रोटीन. ते जिवंत नसतं, वाढत नाही, पिल्लं घालत नाही. एक एन्झाइम साधारण एकाच प्रकारचं रासायनिक काम करतं, ठराविक जागेवरचा ठराविक बंध तोडतं किंवा जोडतं, आणि काम झालं की स्वतः जसंच्या तसं राहून पुढच्या रेणूला जाऊन लागतं, त्यामुळे अगदी चिमूटभर टाकलं तरी पुरतं. पण ते जे 'ठराविक' आहे ना, ते फार कडक असतं. आपल्या लाळेतलं अमायलेज पोळीतल्या स्टार्चची साखर करायला लगेच सुरुवात करतं, पोळीला लावलेल्या तुपाला मात्र ते हातही लावत नाही.

हे नीट बघायचं असेल तर पांढऱ्या शर्टावर फोडणीचं वरण सांडा. (मुद्दाम सांडायची गरज नाही, आपोआप सांडतं.) चांगल्या वॉशिंग पावडरमध्ये प्रोटिएज, अमायलेज आणि लिपेज अशी तीन एन्झाइम्स बहुतेकदा असतात. प्रोटिएज डाळीतलं प्रोटीन तोडतं, अमायलेज डाळीतला स्टार्च, लिपेज फोडणीतलं तेल. अर्धा तास भिजवून धुतलं की डागाचा चिकटपणा, कडकपणा सगळं जातं आणि उरतो तो हळदीचा पिवळा रंग, जो साबण लागल्यावर आधी लालसर होतो आणि आपल्याला वाटतं अजूनच वाट लागली. हळदीतला रंगाचा रेणू ना प्रोटीन आहे, ना स्टार्च, ना तेल, त्यामुळे पावडरमधल्या एकाही एन्झाइमचा त्याच्याशी संबंध येत नाही. शर्ट कडक उन्हात टाकला की मात्र तो डाग फिका पडत जातो कारण तो रेणू प्रकाशाने तुटतो, हे आपल्या घरातल्या बायकांना कुठलंही केमिस्ट्रीचं पुस्तक न वाचता माहीत होतं.

आता हाच हिशोब जंतूंना लावा. बॅक्टेरियाच्या बाहेरची भिंत ज्या पदार्थाची असते तो पदार्थ वॉशिंग पावडरमधल्या प्रोटिएजला सहसा तोडता येत नाही. मशीनमध्ये कपड्यावरचे जंतू कमी होतात हे खरं, पण ते साबणाने सुटून पाण्याबरोबर वाहून जातात, गरम पाणी असेल तर त्याने मरतात, पावडरमध्ये ऑक्सिजनवालं ब्लीच असेल तर त्याने मरतात, आणि उरलेसुरले वाळताना मरतात. एन्झाइमने फक्त ज्या मळाला ते धरून बसले होते तो मळ काढला. हे काम कमी महत्त्वाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ते मारणं नाही.

तसं कपडे धुवायला एन्झाइम वापरायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत ओट्टो रोमने १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेली एन्झाइम्स धुलाईच्या पावडरीत घालायचं पेटंट घेतलं होतं. जोरात चाललं ते मात्र १९६० नंतर, बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेली, साबणाच्या अल्कलीत टिकणारी प्रोटिएज आल्यावर. आणि लगेच नवीनच भानगड निघाली. डिटर्जंटच्या कारखान्यात काम करणाऱ्या लोकांना एन्झाइमची बारीक धूळ नाकातोंडात जाऊन दमा व्हायला लागला, १९६९ मध्ये ते वैद्यकीय मासिकात छापून आलं, आणि मग कंपन्यांनी एन्झाइमचे दाणे करून त्यावर मेणासारखं आवरण चढवायला सुरुवात केली. पावडरमध्ये रंगीत ठिपके दिसतात ना, त्यातले काही हेच असू शकतात (काही नुसतेच शोभेचेही असतात, ते सोडा).

धुणं आणि मारणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवणं म्हणजे काय ते सगळ्यात नीट हॉस्पिटलमध्ये दिसतं. पोटात घालून बघायची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप. लांबलचक नळी, आत अरुंद चॅनल, त्यात रक्त, चिकट स्राव, सगळं अडकलेलं, आणि हे यंत्र उकळता येत नाही कारण त्याने ते खराब होतं. मग करतात काय, पेशंटच्या पोटातून बाहेर काढल्या काढल्या, ओलं असतानाच, ते पुसून घेतात आणि एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात बुडवतात, चॅनलमधून ब्रश फिरवतात, धुतात. प्रोटिएज रक्तातली प्रोटीन्स सुटी करतं, लिपेज चरबी. त्यानंतर, म्हणजे हे सगळं झाल्यानंतर, खरं जंतुनाशक येतं, ग्लुटरल्डिहाइड किंवा पेरॲसेटिक ॲसिड वगैरे. आता कोणी म्हणेल थेट जंतुनाशकातच टाका की, वेळ वाचेल. नाही वाचत. ग्लुटरल्डिहाइड प्रोटीनला जागच्या जागी घट्ट बांधून टाकतं, मग रक्ताचा थर पक्का होतो आणि त्याच्याखाली जंतू आरामात जिवंत राहतात. आणि पाणी उकळतं घेतलं तरीही तेच, एन्झाइम स्वतःच प्रोटीन असल्यामुळे उष्णतेने त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं. म्हणून कोमट, आणि जितका वेळ सांगितलाय तितका वेळ.

घरात याच्यातलं काय लागू होतं? बुळबुळीतपणा. पाण्याच्या बाटलीच्या तळाला, सिंकच्या जाळीखाली, मुलांच्या सिपरच्या रबरात जो निसरडा थर जमतो त्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू एकटेदुकटे तरंगत नसतात, पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रोटीन आणि चक्क डीएनए यांचा चिकट गर तयार करतात आणि त्यात राहतात. आत बसलेल्या जंतूला जंतुनाशकाचा त्रास उघड्यावरच्या जंतूपेक्षा कितीतरी कमी होतो. इथे एन्झाइम्स कामाला येतात कारण तो गर तोडता येतो, साखरेची साखळी तोडणारं एक, प्रोटीन तोडणारं दुसरं, डीएनए तोडणारं तिसरं. अलीकडे काही लॉन्ड्री डिटर्जंटमध्ये डीएनए तोडणारं एन्झाइम घालायला लागलेत, जिमच्या कपड्यांना धुऊनही जो कुबट वास राहतो तो कमी करायला. पण गर तुटला म्हणजे जंतू मेले असं नाही, ते सुटे झाले. मग ते भरपूर पाण्याने वाहून गेले पाहिजेत किंवा पाठोपाठ दुसऱ्या कशाने तरी मेले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा चिकटतील.

झालं धुण्याचं. आता मारणारी.

यातलं पहिलं सापडलं ते शेंबडात. अलेक्झांडर फ्लेमिंग, तोच पेनिसिलिनवाला, पण त्याच्या काही वर्षं आधी, १९२१ च्या शेवटी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये, त्याला सर्दी झाली होती आणि त्याने स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतू वाढवायच्या बशीत टाकून बघितला. त्या बशीत पिवळ्या रंगाचे एक निरुपद्रवी बॅक्टेरिया वाढले होते आणि शेंबडाच्या आजूबाजूचे विरघळल्यासारखे नाहीसे झाले. मग त्याने अश्रू तपासले, लाळ तपासली, अंड्याचा पांढरा भाग तपासला, सगळीकडे तेच. अश्रू मिळवायला तो आणि त्याचे सहकारी डोळ्यात लिंबू पिळून घ्यायचे, आणि एवढं प्रेमाने केलेलं काम १९२२ मध्ये छापून आलं तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. नाव ठेवलं लायसोझाइम.

हा प्रयोग बघायला मजा येते. परीक्षानळीत त्या जंतूंचं गढूळ पाणी घ्यायचं, ताकाच्या निवळीसारखं दिसणारं, आणि त्यात पाण्यात पातळ केलेलं अंड्याचं पांढरं थोडंसं टाकायचं. बघता बघता नळी स्वच्छ होते. गाळ खाली बसला म्हणून नाही, ज्या पेशींमुळे पाणी गढूळ दिसत होतं त्याच फुटून गेलेल्या असतात. अजूनही लायसोझाइमची ताकद मोजायची असेल तर हेच करतात, पाणी किती वेगाने निवळतं ते यंत्रावर बघतात.

होतं काय नेमकं? बॅक्टेरियाच्या आत मीठ, साखर, प्रोटीन एवढं दाटीवाटीने भरलेलं असतं की बाहेरचं पाणी सारखं आत शिरायला बघतं आणि आतला दाब खूप वाढतो. आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण एकटं तो दाब सहन करू शकत नाही, म्हणून त्याच्याबाहेर एक मजबूत जाळीदार भिंत असते. सायकलच्या ट्यूबवर टायर असतो तसं समजा, हवा धरते ट्यूब पण तिला फुटू देत नाही तो टायर. ही भिंत पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची, म्हणजे दोन प्रकारच्या साखरा एकाआड एक जोडून केलेल्या लांब साखळ्या, आणि त्या साखळ्या एकमेकींना छोट्या अमिनो ॲसिडच्या तुकड्यांनी बांधलेल्या. लायसोझाइम त्या दोन साखरांमधला जोड तोडतं. असे पुरेसे जोड तुटले की टायर फाटला, पाणी आत घुसलं, पेशी फुटली. माणसाच्या किंवा जनावराच्या पेशीला ही भिंतच नसते, त्यामुळे डोळ्यात दिवसभर लायसोझाइम वाहतंय तरी आपल्याला काही होत नाही. (१९६५ मध्ये लंडनच्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या टीमने कोंबडीच्या लायसोझाइमची तिन्ही मितींतली रचना शोधून काढली, एखाद्या एन्झाइमची पूर्ण रचना अशी दिसली ती तेव्हा पहिल्यांदा. १२९ अमिनो ॲसिडची एक साखळी आणि मध्ये एक खाच, त्या खाचेत भिंतीची साखळी बसते.)

मग फ्लेमिंगला औषध का नाही सापडलं यातून? कारण जे जंतू आपल्याला आजारी पाडतात त्यांच्यावर लायसोझाइम फारसं चालत नाही. जरा विचार केला तर बरोबरच आहे, ज्याला आपल्या नाकातोंडात, डोळ्यात राहून आजार पसरवायचाय त्याने लायसोझाइमचा बंदोबस्त आधीच केलेला असणार. गळू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या भिंतीच्या साखरेवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतो, त्यामुळे एन्झाइमला तिथे बसता येत नाही. ई. कोलाय, साल्मोनेला यांच्या भिंतीवर आणखी एक तेलकट आवरण असतं, लायसोझाइम भिंतीपर्यंत पोचतच नाही. पोटात गडबड करणारे बरेचसे जंतू या दुसऱ्या गटातले आहेत. ते बाहेरचं आवरण ढिलं करायला सोबत ईडीटीएसारखं (धातूंचे कण पकडून ठेवणारं एक रसायन) काहीतरी द्यावं लागतं, मग थोडं जमतं. व्हायरसला तर ही भिंतच नाही, तिथे लायसोझाइमला तोडायला काही सापडतच नाही.

पण हा जो लायसोझाइमचा अडेलपणा आहे, हे चालतं आणि ते चालत नाही, तोच काही ठिकाणी सोन्यासारखा उपयोगी पडतो. इटलीतलं ग्राना पादानो चीज घ्या. एकेक चाक २४ ते ४० किलोचं, एका चाकाला साधारण ५०० लिटर दूध, आणि कमीत कमी नऊ महिने मुरवायचं. दूध कच्चंच वापरतात. गाईंना मुरघास, म्हणजे दाबून हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, घातला जातो, आणि ज्यांनी मुरघास केलाय त्यांना माहीत असेल की तो नीट दाबला नाही, माती गेली, हवा राहिली तर त्यात नको ते जंतू वाढतात. त्यातला एक क्लॉस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम. त्याचे बीजाणू (जंतूचं कडक कवचातलं, झोपलेलं रूप) मुरघासातून शेणात, शेणातून सडाला, तिथून दुधात. बीजाणू इतके चिवट की दूध पाश्चराइज केलं असतं तरी मेले नसते. चीजमध्ये ते काही आठवडे, काही महिने गप्प पडून राहतात आणि मग जागे होऊन आतल्या लॅक्टिक ॲसिडचं ब्युटिरिक ॲसिड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन करायला लागतात. म्हणजे खवट वास, आणि गॅसने फुगून तडकलेलं चाक. अर्धा हजार लिटर दूध आणि एवढ्या महिन्यांची जागा, मेहनत, सगळं पाण्यात.

इथे दुधात लायसोझाइम घालतात, १०० किलो दुधाला जास्तीत जास्त अडीच ग्रॅम. ते अंड्याच्या पांढऱ्यातूनच काढलेलं असतं. एका अंड्यात १०० मिलिग्रॅमच्या थोडं वर मिळतं, म्हणजे मी हिशोब केला तर एका चाकाला शंभरेक अंड्यांमधलं लायसोझाइम लागतं. दही लावल्यासारखं दूध फाटलं की ते बरंचसं पाण्याबरोबर न जाता घट्ट भागातच अडकून राहतं आणि महिनोन्महिने तिथेच टिकतं. बीजाणूला ते काही करू शकत नाही, पण बीजाणू उगवून त्याची नेहमीची पेशी झाली की तिची भिंत तोडतं. आणि चीज मुरवणारे जे कामाचे लॅक्टोबॅसिलस आहेत ते बऱ्यापैकी सहन करतात. असं निवडून मारणारं काहीतरी हवं होतं तिथे, सगळ्यांना सरसकट मारणारं टाकलं असतं तर चीजच झालं नसतं. युरोपात लेबलवर हे ई ११०५ म्हणून लिहिलेलं असतं आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी अंड्याचा उल्लेखही करावा लागतो. शेजारचं पार्मिजानो रेजानो चीज मात्र लायसोझाइम वापरतच नाही, त्यांनी मुळात गाईंना मुरघास घालायलाच बंदी केलीय. खरं सांगू तर मला हा उपाय जास्त पटतो, पण तो महाग पडतो हेही खरं. वाइनमध्येही लायसोझाइम वापरतात, नको असलेले लॅक्टिक बॅक्टेरिया आवरायला. तिथे यीस्टला काही होत नाही, कारण यीस्टची भिंत वेगळ्याच पदार्थाची.

आपल्याकडे किराणा दुकानात अंड्यांचे ट्रे बाहेरच रचलेले असतात, फ्रिजबिज काही नाही, तरी अंडी दिवसेंदिवस टिकतात. त्यात लायसोझाइमचा वाटा आहे पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. कवचावरचा पातळ थर, आतली पापुद्री, पांढऱ्याचा अल्कलीपणा, आणि लोह पकडून ठेवणारं एक प्रोटीन ज्यामुळे जंतूंना वाढायला लोहच मिळत नाही, असं सगळं मिळून ते होतं. अंडी धुऊन ठेवली की कवचावरचा थर जातो, म्हणून धुवायचीच असतील तर फोडायच्या आधी धुवा.

दुसऱ्या प्रकारची मारणारी एन्झाइम्स स्वतः जंतूला हातच लावत नाहीत. ती आसपासच्या साध्या गोष्टींपासून जागच्या जागी जंतुनाशक तयार करतात. मधात हे असतं. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते, ते ग्लुकोज आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन ग्लुकोनिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. गंमत अशी की घट्ट मधात ते जवळपास झोपलेलं असतं कारण पाणीच नाही, तिथे जंतू मरतात ते साखरेच्या दाटपणामुळे. मधात पाणी मिसळलं, म्हणजे मध बिघडायची वेळ आली, की ते कामाला लागतं आणि पेरॉक्साइड थोडं थोडं तयार होत राहतं. मध गरम केला की हे एन्झाइम जातं, त्यामुळे उकळत्या पाण्यात मध टाकून त्याच्या जंतुनाशक गुणाबद्दल बोलणाऱ्यांनी जरा थांबावं.

याच एन्झाइमची पेनिसिलिनच्या गोष्टीतही एक छोटी भूमिका आहे. १९४० च्या दशकात फ्लेमिंगच्या बुरशीतून शास्त्रज्ञांना पेनिसिलिनशिवाय आणखी एक जंतुनाशक मिळालं, नोटॅटिन, जे अतिशय कमी मात्रेत चालायचं पण फक्त ग्लुकोज आणि हवा असेल तरच. ते निघालं ग्लुकोज ऑक्सिडेज.

दुधातही अशी एक व्यवस्था असते. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम गाई-म्हशीच्या दुधात मुळातच असतं. त्याला थायोसायनेट आणि अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळालं की ते हायपोथायोसायनाइट बनवतं, जे जंतूंच्या आतल्या महत्त्वाच्या प्रोटीन्सची कामं बंद पाडतं. बरेच जंतू त्याने फक्त वाढायचे थांबतात, काही मरतात. १९९१ मध्ये कोडेक्सने, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम करणाऱ्या मंडळाने, जिथे दूध थंड करायची सोयच नाही अशा ठिकाणांसाठी याची पद्धत लिहून दिली. लिटरमागे १४ मिलिग्रॅम सोडियम थायोसायनेट, मिसळून झाल्यावर ३० मिलिग्रॅम सोडियम परकार्बोनेट (त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं), धार काढल्यापासून दोन-तीन तासांच्या आत, आणि तेही शेतकऱ्याने गोठ्यात करायचं नाही, संकलन केंद्रावर माहितगार माणसाने करायचं. ३० डिग्री तापमानाला याने दूध सात-आठ तास टिकतं, १५ डिग्रीला २४ ते २६ तास. आपल्याकडे गावोगावी बल्क कूलर आलेत आणि दुधात हायड्रोजन पेरॉक्साइड घालणं ही भेसळ धरली जाते, तेव्हा हे वाचून कोणी घरच्या कॅनमध्ये प्रयोग करू नका. शिवाय घाण दूध याने स्वच्छ होत नाही, फक्त आहे त्यापेक्षा लवकर बिघडत नाही.

काही टूथपेस्टमध्ये हीच जोडगोळी असते, ग्लुकोज ऑक्सिडेजने पेरॉक्साइड बनवायचं आणि लॅक्टोपेरॉक्सिडेजने ते वापरायचं, कारण थायोसायनेट लाळेत असतंच. आणि आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर याच्याही पुढे गेल्यात. त्यांच्यातलं मायलोपेरॉक्सिडेज पेरॉक्साइड आणि मिठातल्या क्लोराइडपासून हायपोक्लोरस ॲसिड बनवतं, ब्लीचमध्ये जे काम करतं तेच. या एन्झाइमचा रंग हिरवा असतो, पू हिरवट दिसतो तो बऱ्याचदा त्याच्यामुळे.

जंतूही गप्प बसत नाहीत. बऱ्याच बॅक्टेरियांकडे कॅटलेज असतं, जे पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो ना, तो रक्तातल्या आणि मांसातल्या कॅटलेजचा, 'जंतू मरतायत बघ' असं जे आपल्याला लहानपणी सांगितलं जायचं ते तितकंसं बरोबर नव्हतं.

मग एवढं सगळं असताना फिनेल, ब्लीच सोडून सगळीकडे एन्झाइमच का नाही वापरत? एकतर महाग. दुसरं, बाटलीत पाण्यात ठेवलेलं एन्झाइम हळूहळू बिघडतं, आणि वॉशिंगच्या लिक्विडमध्ये प्रोटिएज असेल तर ते बाकीच्या एन्झाइम्सनाच तोडायला लागतं, कारण तीही प्रोटीन्सच की, त्याला आपला-परका कळत नाही. कंपन्यांना त्यासाठी त्यात बोरेटसारखं काहीतरी घालून प्रोटिएजला बाटलीत गप्प ठेवावं लागतं आणि मशीनच्या पाण्यात पातळ झालं की ते सुटतं. तिसरं म्हणजे वेळ. ब्लीच काही मिनिटांत ज्यांना मारतं त्यांच्यासाठी एन्झाइमला जास्त वेळ ओलं राहावं लागतं, आणि फरशी आपण पुसली की पंखा लावतो. म्हणून एखाद्या 'एन्झाइम क्लीनर'वर ९९.९ टक्के जंतू मारण्याचं लिहिलं असेल तर मागचं बारीक अक्षरातलं वाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं काही सापडलं तर मारायचं काम ते करतंय.

आता सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त जे फिरतं ते, घरचं बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. ही पद्धत थायलंडच्या रोसुकॉन पूमपानवोंग यांच्यामुळे पसरली, तिथे तिला गार्बेज एन्झाइम म्हणत. ओला कचरा थोडा कमी होतो, वास छान येतो, मला आवडतंच ते. पण तीन महिन्यांत बाटलीत घडतं ते मुख्यतः आंबवणं. यीस्ट गुळाचा अल्कोहोल करतं, बॅक्टेरिया त्याचं ॲसेटिक ॲसिड आणि लॅक्टिक ॲसिड करतात, आणि शेवटी जे मिळतं ते व्हिनेगरच्या भावंडात बसणारं आंबट पाणी, पीएच साधारण तीन-चार, सालीतलं सुगंधी तेल आणि थोडीफार एन्झाइम्स. नळावरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्याने निघतात ते ॲसिडने निघतात. काही जंतू मरतात तेही ॲसिडने. रोजची फरशी पुसायला हरकत नाही, पण घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तर बाथरूमला हे पुरेसं नाही, तिथे ब्लीचच वापरा.

आणि ते दोन्ही एकत्र कधीच करू नका, एकानंतर एक लगेचही नको, ॲसिड आणि ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मार्बल, कडप्पा, शहाबादी फरशी असेल तर पातळ करूनच आणि एका कोपऱ्यात आधी बघून, हे सगळे दगड चुनखडीचे, ॲसिडने त्यांची चकाकी जाते. बनवताना पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्यायचा, बाटलीत वर तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवायची, आणि बाटली प्लास्टिकचीच घ्या, काचेची फुटली तर तुकडे पूर्ण ओट्यावर उडतात.